धाप लागलेल्या जुन्या खाणकामगाराला काय मिळतं आणि कुणाकडून

खदान सोडून सात-आठ वर्षं झालेली असतात. जिना चढताना दम लागायला लागतो. माणूस आधी वयावर ढकलतो, मग बिडीवर. खोकला थांबत नाही म्हणून सरकारी दवाखान्यात गेलं की एक्स-रे निघतो, फुफ्फुसावर डाग दिसतात आणि टीबीच्या गोळ्या सुरू होतात. सहा महिन्यांचा कोर्स संपतो, धाप जिथल्या तिथे. मग दुसरा कोर्स. या सगळ्या फेऱ्यांत एक साधा प्रश्न बऱ्याचदा राहूनच जातो: "बाबा, तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत?"

भरपाईचं घोडं नेमकं इथे पेंड खातं. टीबी हा जंतूंचा आजार, त्याला कुणी मालक जबाबदार नसतो. सिलिकोसिस हा कामावरच्या दगडी धुळीने दिलेला आजार, आणि त्याची जबाबदारी कायदा मालकावर टाकतो. एक्स-रे तोच असतो, पण केसपेपरवर कोणता शब्द लिहिला जातो त्यावर पुढचे लाखो रुपये ठरतात. विदर्भातली कोळशाची किंवा मँगनीजची खाण असो, सिंधुदुर्गात कासार्ड्याकडची सिलिका वाळूची असो, की पुण्या-नागपूरभोवतीची दगडखाण, तिथे राबून आता घरी बसलेल्या माणसाला कायद्यातून आणि सरकारी योजनांतून काय मिळू शकतं, ते इथे सांगतो.

आधी आजार समजून घ्या

दगडात भोक पाडलं, गिट्टी फोडली की धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती धूळ बहुतेक नाकातोंडातच अडकते आणि खोकून बाहेर पडते. घात करते ती न दिसणारी. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक कण थेट फुफ्फुसाच्या टोकाशी जाऊन बसतात. त्यात सिलिका असेल, म्हणजे गारगोटीत आणि वाळूत असतं ते द्रव्य, तर शरीराला ते कण पचवता येत नाहीत. त्यांच्याभोवती व्रण धरतात, गाठी होतात आणि फुफ्फुस जुन्या रबरी नळीसारखं कडक होत जातं. एकदा झालेला हा बदल कोणत्याही औषधाने उलटत नाही. काम सोडल्यानंतरही आजार वाढत राहू शकतो, आणि पुढच्या सगळ्या कायदेशीर कटकटीचं मूळ यातच आहे. साधारणपणे दहा-वीस वर्षं धूळ खाल्ल्यावर तो दिसायला लागतो. धूळ फार असेल तर पाच-दहा वर्षांत, आणि बंदिस्त जागेत दगड दळायचं काम असेल तर काही महिन्यांतसुद्धा.

कोळशाच्या धुळीने होतो तो याचाच भाऊबंद. धुळीने होणाऱ्या अशा सगळ्या फुफ्फुसाच्या आजारांना मिळून न्यूमोकोनिओसिस म्हणतात. मँगनीजची गोष्ट निराळी. ते मेंदूवर जातं: चाल बिघडते, हात थरथरतात, चेहऱ्यावरचे भाव हरवतात आणि बघणाऱ्याला तो पार्किन्सन वाटतो. ड्रिलवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान जातात, पण त्याकडे आजार म्हणून कुणी बघतच नाही. हे सगळे आजार कायद्याच्या यादीत आहेत.

टीबीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. सिलिका बसलेल्या फुफ्फुसाला टीबी चटकन धरतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असणं मुळीच नवलाचं नाही. कायद्याच्या यादीत सिलिको-ट्युबरक्युलोसिस असं त्याचं वेगळं नावच आहे. थुंकीत जंतू सापडले म्हणून दावा संपत नाही. सिलिकोसिस हे अपंगत्वाचं महत्त्वाचं कारण आहे, एवढं दिसलं पाहिजे.

ते दिसतं एक्स-रेवर, पण वाचणारा जाणकार हवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, यासाठी बारा पायऱ्यांची मोजपट्टी ठरवून दिली आहे. अहवालात "२/१, क्यू" असं काही लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ असा: डागांची दाटी दुसऱ्या पातळीची, पण वाचणाऱ्याने पहिल्या पातळीचाही विचार केला होता, आणि डाग गोल, दीड ते तीन मिलिमीटरचे. दीडपेक्षा लहान असतील तर "पी", तीन ते दहापर्यंत "आर". नुसतं "जुन्या टीबीचे व्रण" असा शेरा आणि हा असा अहवाल यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून श्वासाची ताकद मोजायची तपासणी, जोडीला लागते. नागपुरात वाडीला खास खाणकामगारांच्या आरोग्यासाठी एक राष्ट्रीय संस्था होती. २०१९ मध्ये तिचं अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीनीकरण झालं. ज्या शहरात वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी) आणि मॉईलचं (मँगनीज काढणारी सरकारी कंपनी) मुख्यालय आहे तिथली स्वतंत्र संस्था गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

एकच आजार, तीन माणसं

समजा तिघांच्या फुफ्फुसांची अवस्था सारखीच आहे. पहिला वेकोलिचा कायम कामगार, दुसरा त्याच पट्ट्यात ठेकेदाराकडे ड्रिल चालवणारा, तिसरा क्रशरवर ब्रासच्या, म्हणजे खडीच्या मापाच्या, हिशेबाने गिट्टी फोडणारा. तिघांच्या वाट्याला येणारं मात्र अगदी वेगळं.

कायम कामगाराची नोंद पहिल्या दिवसापासून असते. खाण नियमांनुसार कामावर घेताना आणि नंतर ठरावीक काळाने त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, ती फार तर पाच वर्षांच्या अंतराने. तपासणीनंतर "फॉर्म ओ" भरतात. त्यात कामगार कोणत्याही कामास तंदुरुस्त आहे, अमुक आजारामुळे खाणीतल्या किंवा भूमिगत कामाला अयोग्य आहे, किंवा उपचार घेऊन अमुक महिन्यांनी पुन्हा तपासायचा आहे, यांपैकी एक शेरा असतो. छातीच्या एक्स-रेचा निष्कर्षही सोबत असतो. हा कागद फार मोलाचा. पहिल्या तपासणीत "फिट" आणि पंधरा वर्षांनी डाग, असे दोन फॉर्म शेजारी ठेवले की आजार कुठे आला हे वेगळं सांगावं लागत नाही.

खाण अधिनियम, १९५२ मध्ये (हा विषय २०२५ मध्ये नव्या संहितेत गेला, त्याबद्दल पुढे) ९-अ नावाचं एक कलम होतं, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसायचं. तपासणीत कामामुळे आजार झाल्याचं दिसलं तर उपचाराचा खर्च मालकाने करायचा. उपचारानंतरही माणूस जुन्या कामाला अयोग्य ठरला तर त्याला झेपेल असं दुसरं काम द्यायचं. तसं काम लगेच नसेल तर अपंगत्व भत्ता द्यायचा. आणि त्याने नोकरी सोडायचं ठरवलं तर एकरकमी भरपाई द्यायची. कोळसापट्ट्यात मात्र चर्चा असते ती "मेडिकल अनफिट"ची. कोळसा वेतन कराराच्या ९.४.० या कलमानुसार इजेमुळे किंवा आजारामुळे कायमचा अपंग होऊन नोकरी गेलेल्या कामगाराच्या एका अवलंबिताला नोकरीची तरतूद आहे, आणि सर्वसाधारण शारीरिक दुर्बलतेसाठी ५८ वर्षांच्या आतली अट आहे. पोराला नोकरी लागणं ही घराच्या दृष्टीने मोठी गोष्ट, म्हणून सगळा जीव तिथे लागलेला असतो. पण या नोकरीसाठी आजार कामामुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही, त्यामुळे तसं लिहून घ्यायची घाईही कुणाला नसते. भरपाईसाठी नेमकं तेच लागतं. अनफिटच्या कागदावर आजाराचं नाव काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. एकदा "सर्वसाधारण दुर्बलता" असं छापून आलं की मागे वळणं कठीण.

यापलीकडे कायम कामगाराला कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधी आहे, १९९८ च्या योजनेखालचं निवृत्तिवेतन आहे, निवृत्तीनंतरची वैद्यकीय योजना आहे. तिघांत हाच सगळ्यात सावरलेला.

कायद्याने किती रक्कम निघते

दुसऱ्यासाठी आणि तिसऱ्यासाठी मुख्य आधार म्हणजे १९२३ चा कामगार नुकसान भरपाई कायदा. आता त्याचं नाव बदललं आहे: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तर खाण अधिनियमाचा विषय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत. कलमांचे क्रमांक बदलले, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्ताच्या जागी "सक्षम प्राधिकारी" आला, पण भरपाईचा गाभा तोच आहे. मी इथे सगळीकडे जुनीच ओळखीची नावं वापरतो, कारण वकिलांच्या आणि कामगारांच्या तोंडी अजून तीच आहेत.

या कायद्याची खरी ताकद एका गृहीतकात आहे. यादीतला आजार, त्या यादीतल्या कामात, ठरलेल्या मुदतीइतकं सलग काम केलेल्या माणसाला झाला, तर तो कामामुळेच झालेला अपघात मानला जातो, मालकाने उलट सिद्ध केलं नाही तर. म्हणजे "तुझ्या बिडीमुळे झालं" हे नुसतं म्हणून भागत नाही, ते मालकाला दाखवून द्यावं लागतं. सिलिकोसिस आणि अँथ्रॅको-सिलिकोसिस (कोळसा आणि सिलिका अशा मिश्र धुळीचा आजार) या यादीत तिसऱ्या अनुसूचीच्या "क" भागात आहेत. दोन-तीन मालकांकडे काम केलं असेल तरी दावा बुडत नाही, जबाबदारी त्यांच्यात वाटली जाते.

आता हिशेब. समजा ठेकेदाराकडच्या ड्रिलरचं वय ५० आणि मजुरी महिन्याला १८,००० रुपये. भरपाईसाठी मजुरी धरायची कमाल मर्यादा २०२० पासून १५,००० आहे, म्हणून १५,०००च धरायचे. पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाला त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. पन्नाशीचा गुणक १५३.०९. गुणाकार येतो १३,७७,८१०. हाच माणूस चाळिशीचा असता तर गुणक १८४.१७ झाला असता आणि रक्कम १६,५७,५३०. वय जितकं कमी तितकी बुडालेली वर्षं जास्त, म्हणून गुणक मोठा.

अपंगत्व अंशतः असेल तर त्या प्रमाणात. कमाईची ४० टक्के ताकद गेली असं डॉक्टरने लिहिलं तर आपल्या ड्रिलरला ५,५१,१२४ रुपये. इथे एक मोठी मेख आहे. मोजायची असते ती कमाईची गेलेली ताकद, फुफ्फुसाची गेलेली ताकद नव्हे. फुफ्फुस ४० टक्के गेलेला माणूस टेबलावर बसून हिशेब लिहू शकेल कदाचित, पण तीस किलोचं ड्रिल खांद्यावर घेऊन दगडाला भिडणं त्याला शंभर टक्के अशक्य असतं. कायद्याची व्याख्याच सांगते की पूर्ण अपंगत्व म्हणजे आधी जी कामं जमत होती ती सगळी करता न येणं. १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हात गमावलेल्या सुताराचं अपंगत्व शंभर टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आपलं काम काय होतं ते नीट सांगा: वजन किती उचलायचो, किती उतरायचो, किती तास. टक्केवारीच्या त्या एका ओळीवर आठ लाखांचा फरक पडतो.

पैसे देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज लागतं. वरच्या साडेपाच लाखांवर ते वर्षाला सुमारे ६६ हजार होतं. विनाकारण टाळाटाळ केली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही लागू शकतो.

ठेकेदार पळून गेला किंवा त्याच्याकडे दमडी नाही, असं झालं तर? मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या खाणीत काम चाललं त्याच्यावर दावा करता येतो. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा आपसातला प्रश्न.

दोन वर्षांची अडचण

दावा दोन वर्षांत करायचा असतो. पाय तुटला तर दोन वर्षं कधीपासून हे सरळ आहे. धुळीच्या आजाराला तारीख कुठली? कायद्याने तोडगा काढलाय तो असा: आजारामुळे सलग गैरहजर राहावं लागलं तर गैरहजेरीचा पहिला दिवस ही अपघाताची तारीख. आजार असूनही कामावर जात असेल तर मालकाला नोटीस दिल्या दिवसापासून मुदत. आणि काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर लक्षणं पहिल्यांदा सापडली तो दिवस.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत. आणि हा आजार तर काम सुटल्यावर दहा वर्षांनीही डोकं वर काढतो. कायदा लिहिणाऱ्यांनी हात तुटण्याचा हिशेब फुफ्फुसाला लावला, असंच माझं मत आहे.

तरी दार पूर्ण बंद नाही. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्ताला आहे. "टीबी म्हणून उपचार चालले होते, सिलिकोसिस असल्याचं अमुक तारखेच्या एक्स-रे अहवालातून पहिल्यांदा कळलं" हे कारण कागदासकट मांडता येतं. शिवाय काम सुटल्या-सुटल्याचे खोकल्याचे, दम्याचे जुने केसपेपर सापडले तर लक्षणं तेव्हाच सुरू होती हे दाखवता येतं. म्हणून धाप लागलेल्या माणसाच्या घरातली प्लास्टिकची ती पिशवी, ज्यात सगळ्या चिठ्ठ्या कोंबलेल्या असतात, फेकून देऊ नका. त्यातल्या जुनाट चिठ्ठीची तारीखच कामाला येते.

दावा कुठे करायचा? जिथे काम केलं तिथेच जावं लागतं, हा गैरसमज आहे. माणूस राहतो त्या भागातल्या आयुक्ताकडेही अर्ज चालतो. गोंदियाचा माणूस कर्नाटकात खाणीवर राबून परत आला असेल तर त्याला तिकडे खेटे घालायची गरज नाही. महाराष्ट्रात हे काम बहुधा कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायाधीश बघतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळू शकतो. औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि स्त्रिया त्या यादीत आहेत.

आणि मुकादम जर चाळीस-पन्नास हजार हातावर ठेवून, "आता आपलं काही देणं-घेणं नाही" असा कागद पुढे करत असेल, तर इतकं माहीत असू द्या की भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. खरी तडजोड असेल तर ती आयुक्ताकडे नोंदवावी लागते.

ज्याच्याकडे कागदच नाही

तिसरा माणूस राहिला. क्रशरवाला. त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात नाही. मजुरी ब्रासवर, सुरुवातीला उचल, पावसाळ्यात गावी, दिवाळीनंतर कधी हा मालक तर कधी तो. मोठा भाग वडार समाजाचा आणि बाहेरून आलेल्यांचा. कायदा त्यालाही तितकाच लागू आहे, पण "तू इथे काम करत होतास याला पुरावा काय" या पहिल्या प्रश्नालाच तो अडतो.

पुरावा अगदीच नसतो असं नाही, फक्त तो विखुरलेला असतो. उचलीची वही किंवा तिचा मोबाइलवर काढलेला फोटो. खाणीच्या पत्त्यावरचं रेशनकार्ड. खाणीवरच्या शाळेत पोराचं नाव होतं त्याचा दाखला. त्या काळातल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवरचा पत्ता. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं. खाणीचा पट्टा कोणाच्या नावे, कोणत्या काळात होता, हे जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात मागता येतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं कार्यालय नागपुरातही आहे, तिथेही अर्ज करता येतो. आजार कळवणं हे खाणीच्या व्यवस्थापनाचं आणि तपासणाऱ्या डॉक्टरचंही कर्तव्य आहे, तेव्हा "आमच्या डॉक्टरने कळवलंय का" हा प्रश्न तिथे विचारायलाच हवा. मजुरी किती हे सिद्ध झालं नाही तर किमान वेतनाचा दर पुढे ठेवता येतो.

बांधकाम कामगार मंडळाकडे गेलेल्या दगडखाणवाल्याला बऱ्याचदा परत पाठवतात. त्यामागे नुसती बाबूगिरी नाही. तो कायदाच खाण अधिनियमाखाली येणाऱ्या कामाला बाहेर ठेवतो. काही महिने खाणीत आणि उरलेल्या महिन्यांत बांधकामावर, असं ज्याचं आहे त्याने मात्र बांधकामाचे दिवस दाखवून नोंदणी करून घ्यावी.

राजस्थानने इथे वेगळी वाट काढली. करौली, धौलपूर, जोधपूर भागातल्या वालुकाश्माच्या खाणींत सिलिकोसिसचं प्रमाण इतकं की ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारने न्यूमोकोनिओसिससाठी स्वतंत्र धोरणच आणलं. माणूस ऑनलाइन नोंदणी करतो, सरकारी दवाखान्यात एक्स-रे होतो, वैद्यकीय मंडळ प्रमाणपत्र देतं. प्रमाणपत्र मिळालं की ३ लाख रुपये, मृत्यू झाला तर कुटुंबाला आणखी २ लाख, शिवाय महिन्याला १,५०० रुपये निवृत्तिवेतन. मालक कोण होता याचा छडा लावत बसावं लागत नाही. पैसे जातात ते मुख्यतः जिल्हा खनिज निधीतून आणि बांधकाम कामगारांच्या निधीतून. मला यातली एकच गोष्ट खटकते: धूळ मालकाने उडवली आणि बिल सरकारने भरलं. पण मरायला टेकलेल्या माणसाला आधी पैसे, मग मालकाशी भांडण, हा क्रम मात्र बरोबर आहे.

अमेरिकेत कोळसा खाणकामगारांसाठी १९६९ च्या कायद्यापासून अशीच सोय आहे, आणि मालक दिवाळखोर झाला तर १९७८ पासून एक निधी पैसे देतो. तो निधी भरतो काढलेल्या प्रत्येक टन कोळशावरच्या करातून. भूमिगत खाणीत पंधरा वर्षं काम आणि पूर्ण अपंग करणारा श्वसनाचा आजार, एवढं असलं की आजार खाणीमुळेच झाला असं तिथे गृहीत धरतात.

आपल्याकडे टनावरचा असा पैसा येतच नाही असं नाही. २०१५ पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे आणि मोठ्या खनिजांच्या पट्टेदारांना रॉयल्टीच्या १० किंवा ३० टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते. हा पैसा खाणबाधितांच्या आरोग्यासाठी, वृद्धांसाठी, अपंगांसाठी वापरायचा असं प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत स्पष्ट लिहिलंय. चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ हे त्यातले दुभते जिल्हे. रस्ते आणि सभामंडपांच्या प्रस्तावांच्या ढिगात सिलिकोसिस तपासणीचा एखादा प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह पुढे रेटणं, हे गावपातळीवर करता येण्यासारखं काम आहे.

कागद नसलेल्यांनी लढून मिळवल्याचं एक उदाहरण जवळचंच आहे. अलीराजपूर, झाबुआ, धार या मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि तरणेताठे असताना धापा टाकत परतले. २००६ मध्ये याचिका झाली. मानवी हक्क आयोगाने लक्ष घातलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. दहा वर्षं लागली.

दिव्यांग प्रमाणपत्र का मिळत नाही

हा प्रश्न हमखास येतो. चार पावलं चालता येत नाही, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, का नाही? कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजून दिलेत आणि फुफ्फुसाचा आजार त्यांत नाही. डोळे आहेत, कान आहेत, सिकलसेल आहे, पार्किन्सनही आहे. श्वास नाही. त्यामुळे त्या रांगेत उभं राहून फेऱ्या वाया घालवू नका. अपवाद दोन: ड्रिलमुळे कान गेले असतील तर ऐकण्याच्या दोषाखाली, आणि मँगनीजमुळे मेंदूवर परिणाम झाला असेल तर मज्जासंस्थेच्या दोषाखाली डॉक्टरांना जरूर विचारा.

त्याऐवजी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. टीबी, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवता न येणारे लोक तिच्यात बसतात. महिना १,५०० रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० आहे, म्हणजे जवळपास उपाशीच असावं लागतं, आणि किमान पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला लागतो. टीबीचे उपचार चालू असतील तर निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या आहाराच्या योजनेचे महिन्याला १,००० वेगळे. ते नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १,००० झाले. यातलं काहीही घेतलं तरी मालकाकडच्या भरपाईचा हक्क शाबूत राहतो.

माणूस गेला तर

दावा चालू असताना कामगार गेला तर तो तिथे संपत नाही, आणि दावाच केला नसेल तर बायको-मुलं करू शकतात. मृत्यूची भरपाई मजुरीच्या ५० टक्क्यांवर मोजतात. १५,००० मजुरी आणि ५५ वर्षं वय धरलं तर ७,५०० गुणिले १३५.५६, म्हणजे १०,१६,७००. हे पैसे मालकाने थेट घरी आणून दिले तर ते भरपाई म्हणून धरले जात नाहीत. ते आयुक्ताकडेच जमा व्हावे लागतात. पुढे तोच विधवेचा, मुलांचा, म्हाताऱ्या आईचा वाटा ठरवतो. सावकार किंवा बँक त्या रकमेवर जप्ती आणू शकत नाही. आणि मालकाला हायकोर्टात अपिलात जायचं असेल तर आदेशातली रक्कम आधी जमा करून मगच जाता येतं.

घरच्यांनी त्या धावपळीतही एक गोष्ट बघावी. मृत्यूच्या कारणाच्या फॉर्मवर डॉक्टर सवयीने "हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे" एवढंच लिहून मोकळे होतात. ते प्रत्येकाच्याच बाबतीत खरं असतं आणि कशालाच उपयोगी नसतं. त्याखाली मूळ कारणाची ओळ असते. आधीचा एक्स-रे अहवाल दाखवून तिथे सिलिकोसिस लिहून घ्या, आणि तो अहवाल सापडत नसेल तर मृतदेह हलवण्याआधी शवविच्छेदनाची मागणी लेखी द्या.